सागवानी टेबलावर चार फुटी फिश टँक: मोडणार नाही, पण वाकेल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. आजोबांच्या वेळचं सागवानी टेबल आहे. साडेचार फूट लांब, दोन फूट रुंद, पाय अडीच इंची चौकोनी, वरची फळी इंचभर जाड, पुढच्या बाजूला दोन ड्रॉवर. त्यावर चार बाय दीड बाय दीड फुटांचा, १० मिलिमीटर काचेचा टँक ठेवायचा आहे. घर तिसऱ्या मजल्यावर. सुतार म्हणाले की चार माणसं उभी राहिली तरी या टेबलाला काही होत नाही. तर ठेवू का, आणि ठेवलाच तर टेबल भिंतीला पक्कं करू का?

सुतारांचं म्हणणं खरं आहे, टेबल मोडणार नाही. तरीही ते आहे तसं ठेवून मी त्यावर टँक भरणार नाही. मी फर्निचरचं काम करतो आणि त्यात टँकच्या स्टँडचं काम बरंच असतं. लोक नेहमी विचारतात, "वजन पेलेल का?" लाकडी स्टँड वजनाने मोडल्याचं क्वचितच दिसतं. खरा प्रश्न असतो तो किती वाकेल, सगळीकडे सारखं वाकेल का, आणि वर्षानुवर्षं भार तसाच राहिल्यावर काय होईल, हा. चार माणसं टेबलावर मिनिटभर उभी राहतात आणि उतरतात. टँक उतरत नाही.

आधी वजनाचा हिशेब करू. तुमच्या टँकचं माप बाहेरून ९ घनफूट, म्हणजे साधारण २५५ लिटर. काचेची जाडी, वर सोडलेली चार-पाच सेंटिमीटर जागा, वाळू आणि दगडांनी अडवलेली जागा वजा केली की पाणी १९० लिटरच्या आसपास उरतं, म्हणजे १९० किलो. १० मिलिमीटर काच दर चौरस मीटरला २५ किलो भरते. तुमच्या टँकला दोन चौरस मीटरपेक्षा थोडी जास्त काच लागते, म्हणजे ५२ किलो. दोन इंच वाळूचे ४५ किलो, दगडांचे २५, झाकण, लाइट आणि फिल्टर मिळून १०. एकूण सव्वातीनशेच्या आसपास. दगड पुढे वाढतातच, म्हणून मी ३५० धरून चालतो.

आता पाय. ३५० किलो चार पायांवर वाटले तर एकावर नव्वदच्या आत येतात. अडीच इंची चौकोनी पायाचा छेद ४० चौरस सेंटिमीटर. सागवान त्याच्या उभ्या रेषांच्या (तंतूंच्या) दिशेने दाबलं, तर सुरक्षिततेसाठी भरपूर हात राखूनही दर चौरस सेंटिमीटरला ५० किलो सहज घेतं. म्हणजे एक पाय २००० किलो घेऊ शकतो आणि तुम्ही त्याला ९० देताय. पायांची काळजी सोडून द्या. स्टँड बघायला आलेला माणूस सगळ्यात आधी पायाची जाडीच बघतो, पण तिथे अडचण जवळजवळ कधीच नसते.

अडचण आडव्या लाकडात असते. तुमच्या टेबलाला फळीखाली, पायांना जोडणारी पट्टी असेल. त्या काळच्या टेबलांत ती बहुतेक पाऊण इंच जाड आणि तीन इंच उंच असते. तुम्ही माप दिलेलं नाही, म्हणून मी तेच धरतो. दोन पायांमधलं मोकळं अंतर चार फुटांच्या आसपास. मागची पट्टी आणि तिच्यावरची अर्धी फळी मिळून निम्मा भार, १७५ किलो, घेतील. सागवानाचा ताठपणा धरून हिशेब केला तर मध्यभागी झोक, म्हणजे खाली वाकणं, साडेतीन ते चार मिलिमीटर येतो. पुढच्या बाजूची गोष्ट वेगळी आहे. तिथे ड्रॉवरसाठी पट्टी कापलेली असते. वर इंचभराची काठी, खाली तशीच एक आणि मधे पोकळी. तिथे भार घ्यायला जवळजवळ फक्त फळीच उरते, आणि झोक मागच्यापेक्षा दुप्पट किंवा त्याहून जास्त येईल. ड्रॉवरचं टेबल कितीही भारदस्त दिसलं तरी पुढून ते नेहमी अशक्त असतं.

चार मिलिमीटर ऐकायला किरकोळ वाटतात. त्यावर पुस्तकं ठेवली असती तर तुमच्या लक्षातही आलं नसतं. पण काच वाकत नाही. टँकचा खालचा काठ सरळ राहतो आणि त्याखालची फळी मधे खाली जाते. मग टँक दोन टोकांवर टेकतो आणि मधल्या भागात तळाच्या काचेखाली आधार राहत नाही. वर पाणी आणि दगड तेवढेच. तो सगळा ताण तळाच्या काचेवर आणि सिलिकॉनच्या सांध्यांवर येतो. पुढची बाजू मागच्यापेक्षा जास्त खाली गेली की त्यात पीळही पडतो, आणि पीळ काचेला सगळ्यात वाईट. अशा टँकची काच भरल्या दिवशी तडकतेच असं नाही. कधी सहा-आठ महिन्यांनी खालच्या कोपऱ्यातून पाझर सुरू होतो, कधी तळाला तिरपी चीर जाते, आणि घरातले म्हणतात की काही धक्का न लागता फुटला.

यात लाकडाचा एक स्वभाव मिसळा. लाकडावर भार कायम राहिला तर ते हळूहळू आणखी वाकत जातं. पहिल्या दिवशीचा झोक काही वर्षांत दीडपट ते दुप्पट होतो, पावसाळी दमट हवेत लवकर. ताकदीचंही तसंच आहे. जे लाकूड पाच-दहा मिनिटांच्या चाचणीत १०० किलो घेतं, त्यावर दहा वर्षांसाठी साधारण ६० किलोच्याच भरवशावर राहावं. म्हणून माणसं उभी करून केलेली परीक्षा टँकला लागू पडत नाही. मी स्वतः चार फुटांच्या स्टँडला पहिल्या दिवशी एक, फार तर दीड मिलिमीटर झोक चालवून घेतो.

तुमच्या टेबलात आणखी एक बारीक गोष्ट आहे, ती सहसा कोणी बघत नाही. टेबल दोन फूट रुंद, टँक दीड फूट. म्हणजे टँकची पुढची आणि मागची काच पट्टीच्या बरोबर वर येणार नाही, दोन-तीन इंच आत फळीवर येईल. फळ्या टेबलाच्या लांबीला धरून जोडलेल्या असतात. लाकूड रेषांच्या दिशेने जितकं ताठ, त्याच्या पंधराव्या-विसाव्या हिश्श्याएवढंच रेषांना आडवं ताठ असतं. त्यामुळे फळी पुढून मागे अशीही वाकते. जुन्या फळ्यांच्या जोडात फट असेल तर तिथे आणखी जास्त.

म्हणून आधी टेबल आडवं करून खालून नीट बघा. पायांच्या तळाकडे, जिथे रोज पुसायचं पाणी लागतं, तिथे स्क्रूड्रायव्हरचं टोक जोरात टोचा. चांगल्या सागवानात ते जेमतेम रुततं. भुसभुशीत लागलं, आत गेलं, किंवा ठोकल्यावर पोकळ आवाज आला तर तो पाय बाद. मातीची बारीक नळी दिसली तर वाळवी. पिठासारखा भुसा पडत असेल तर कीड अजून चालू आहे. सागवानाला कीड लागत नाही हे साधारणपणे त्याच्या गाभ्याबद्दल खरं आहे. पांढुरक्या कडेला लागते, आणि जुन्या टेबलांच्या आतल्या पट्ट्या कित्येकदा सागवानाच्या नसतातच.

मग सांधे. पायात खाच पाडून पट्टीचं टोक आत बसवलेलं असेल तर उत्तम, कारण तिथे लाकूड लाकडावर टेकतं. सांध्यात जाड कागदाचा तुकडा सरकवून बघा. आत गेला तर सांधा सुटलाय. त्या काळी सरस (जनावरांच्या कातडी-हाडांपासून केलेला गोंद) वापरायचे, आणि सरस ओलाव्यात पकड सोडतो. टँकच्या आसपास ओलावा असणारच. असे सांधे उघडून, खरवडून, पाण्यात टिकणाऱ्या गोंदाने पुन्हा बसवायला हवेत. मधल्या काळात कोणी पट्टी फक्त स्क्रूने पायाला अडकवलेली असेल तर सगळा भार त्या स्क्रूच्या दांड्यावर लटकतो. तिथे पट्टीखाली, पायाला चिकटून, जमिनीपर्यंत जाणारा लाकडाचा उभा तुकडा द्या. टँकच्या काठापासून जमिनीपर्यंत भार लाकडावरून लाकडावर उतरला पाहिजे, मधे कुठेही फक्त स्क्रूवर नको. स्क्रूचं काम धरून ठेवण्याचं, भार घेण्याचं नाही.

शेवटी टेबल उभं करून वरच्या कोपऱ्याला हात लावा आणि लांबीच्या दिशेने ढकला, मग रुंदीच्या दिशेने. थोडंही डुलत असेल, कुरकुरत असेल, तर ते तसंच सोडायचं नाही. पाय सरळ उभे आहेत तोवर प्रत्येक पाय २००० किलो घेईल. ते तिरके झुकू लागले की तेच वजन त्यांना आणखी झुकवतं. लाकडी स्टँड पूर्ण कोसळतो तेव्हा तो बहुतेक असा बाजूला झोपतो. नुसते चार पाय असलेल्या कुठल्याही टेबलाला हा धोका आहे, मग पाय कितीही जाड असोत.

हे सगळं वाचून टेबलाचा नाद सोडू नका. आजोबांचं टेबल वापरायची तुमची इच्छा मला फार योग्य वाटते, आणि लाकूड निरोगी निघालं तर थोड्या कामात ते या टँकसाठी चांगलं स्टँड होईल. मी असं करीन.

ड्रॉवर बाहेर काढा. त्या पोकळीत आतून सव्वा इंच जाड, चार इंच किंवा जागा असेल तेवढी उंच सागवानी पट्टी उभी बसवा, एका पायापासून दुसऱ्या पायापर्यंत. पट्टी नेहमी उभी लावायची. उंची दुप्पट केली की ताठपणा आठपट होतो, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. ड्रॉवरचे दर्शनी भाग, कड्यांसकट, कापून त्या पट्टीवर बाहेरून बसवता येतात. समोरून टेबल जसं होतं तसंच दिसेल.

मग पुढे आणि मागे, पट्टीच्या बरोबर मध्यभागी, एकेक नवा पाय द्या, जमिनीपर्यंत. सगळ्यात मोठा फरक या दोन पायांनी पडतो. मोकळं अंतर निम्मं झालं की झोक निम्मा नाही, सोळाव्या हिश्श्यावर येतो. मागे चार मिलिमीटर होते तिथे पाव मिलिमीटर उरेल. दोन-अडीच इंची जुन्या सागवानाचा तुकडा पुरेल, फक्त तो पट्टीखाली घट्ट टेकलेला हवा. जरा आखूड पडला आणि फट राहिली तर तो नुसता शोभेचा.

फळीखाली, पुढच्या पट्टीपासून मागच्या पट्टीपर्यंत, फूटभर अंतराने आडव्या पट्ट्या द्या, दोन इंच उंच आणि इंचभर जाड. फळीचं आडवं वाकणं त्याने थांबेल. मागची बाजू पूर्ण, वरपासून खालपर्यंत, १२ मिलिमीटर मरिन प्लायने (ओलाव्यात टिकणाऱ्या प्लायवूडने) बंद करा, प्रत्येक पायाला आणि पट्टीला गोंद आणि स्क्रूने. लांबीच्या दिशेचं डुलणं संपलं. दोन्ही बाजूंनाही प्लाय, किंवा निदान पायांच्या खालच्या भागात जोडपट्टी द्या म्हणजे पुढे-मागे डुलणार नाही. पायांच्या तळाला जाड रबर लावा, फरशी पुसताना पाणी लाकडात चढणार नाही.

वर एक १९ मिलिमीटरचा सपाट प्लाय टाका, 'आयएस ७१०' हा मरिन प्लायच्या भारतीय मानकाचा शिक्का असलेला, कडा सील केलेला. मग कडक, दाट थर्माकोल १० मिलिमीटरचा, आणि त्यावर टँक. थर्माकोलच्या बाबतीत टँकवर अवलंबून आहे. तळाची काच सपाट, उघडी असेल तर तो हवाच. तळाला प्लास्टिकची चौकट असलेल्या टँकला मात्र घालू नका, कारण त्याचा भार फक्त कडेच्या चौकटीवर उतरायचा असतो आणि थर्माकोल मधून काचेला वर दाबतो. थर्माकोल मिलिमीटरभराचा खडबडीतपणा भरून काढतो, वाकलेला किंवा पिळलेला स्टँड त्याने सुधारत नाही.

काम झालं की लगेच टँक आणू नका. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. सात गोण्या म्हणजे बरोबर ३५० किलो. ओळखीत कुठे बांधकाम चालू असेल तर आठवडाभर उसन्या आणा, नाहीतर गोण्यांत वाळू भरून तोला. रिकाम्या टेबलाच्या लांबीला पट्टीच्या दोन टोकांवर खिळे मारून दोरा ताणून बांधा आणि मध्यभागी दोऱ्यापासून पट्टीचं अंतर मोजा, पुढे आणि मागे दोन्हीकडे. गोण्या टँकच्या जागेवर सारख्या पसरा आणि पुन्हा मोजा, मग दुसऱ्या दिवशी, मग आठव्या दिवशी. एक मिलिमीटरच्या आत राहिलं आणि आठवड्यात फारसं वाढलं नाही तर टेबल तयार. पुढच्या-मागच्या मापांत फरक दिसला तर कुठलातरी मधला पाय नीट टेकलेला नाही. हीच चाचणी तुम्ही आज, काही बदल न करता, केलीत तरी चालेल. माझा हिशेब धरलेल्या मापांवर आहे, तुमचा दोरा खरं माप सांगेल.

समतल बघायला गवंड्याकडची लेव्हलची पारदर्शक नळी सगळ्यात बरी. चारही कोपऱ्यांची उंची लिहून घ्या. समोरासमोरच्या तिरप्या कोपऱ्यांची बेरीज करा, डावा पुढचा अधिक उजवा मागचा, आणि उजवा पुढचा अधिक डावा मागचा. दोन्ही बेरजा सारख्या असतील तर टेबल फक्त कललेलं आहे, पायाखाली कडक पॅकिंग देऊन सरळ होईल. बेरजा वेगळ्या आल्या तर वरचा भाग पिळलेला आहे, आणि तो रंधा मारून किंवा प्लायखाली भरणी करून सपाट केल्याशिवाय टँक ठेवायचा नाही. पॅकिंग नेहमी पायाखाली, टँकच्या कोपऱ्याखाली कधीच नाही.

तिसऱ्या मजल्याबद्दल. घरांच्या खोल्यांचा स्लॅब आपल्याकडे दर चौरस मीटरला सुमारे २०० किलो वापराचा भार धरून डिझाइन करतात. टँकच्या पायथ्याशी हा आकडा ६०० च्या वर जातो, आणि हे वाचून लोक घाबरतात. पण १० बाय १२ च्या खोलीत तो भार सगळ्या जागेवर धरलेला असतो, म्हणजे एकूण २२०० किलो. भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवलेल्या ३५० किलोंनी सुस्थितीतल्या आरसीसी इमारतीत अडचण येऊ नये. स्लॅबच्या मधोमध नको, बाहेर काढलेल्या गॅलरीत तर अजिबात नको. स्लॅबला गळती असेल, गज उघडे पडले असतील, किंवा घर लाकडी तुळयांच्या माडीचं असेल, तर माझं उत्तर चालणार नाही. तिथे स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. पाय येतील त्या फरश्या मात्र ठोकून बघा. पोकळ वाजणारी फरशी पायाखाली असेल तर ती आधी बसवून घ्या.

जर लाकूड किडलेलं निघालं आणि नवा स्टँड करायचा झाला, तर १९ मिलिमीटर मरिन प्लायचा पेटीसारखा स्टँड पुरेसा आहे. वरची फळी बाजूंच्या फळ्यांवर टेकलेली, बाजू थेट जमिनीवर, मधे एक उभा पडदा, मागची बाजू बंद. वरची फळी दोन बाजूंच्या मधे स्क्रूने अडकवलेली असेल तर तो स्टँड घेऊ नका. पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) तयार टीव्ही युनिट तर फुकट मिळालं तरी नको. कोरडं असताना ते ठीक दिसतं, पण सनमायकाच्या कडेतून पाणी शिरलं की बोर्ड फुगतो आणि स्क्रूची पकड जाते. आणि टँकजवळ पाणी सांडल्याशिवाय राहत नाही.

आता भिंतीचं. टेबल भिंतीला पक्कं करायला हरकत नाही, घरात लहान मुलं असतील तर कराच. वरच्या मागच्या पट्टीला दोन एल अँगल पुरेत. पण त्याचा उपयोग फक्त टेबल पुढे कलंडू नये एवढाच. टेबल डुलतं म्हणून भिंतीला बांधू नका, डुलणं आधी प्लायने थांबवा. भिंत आणि टेबल यांत तीन-चार इंच जागा सोडा, फिल्टरच्या नळ्यांना ती लागतेच, आणि बाहेरची भिंत पावसाळ्यात ओल धरते तेव्हा मागच्या प्लायला हवा लागते. तेवढ्या जाडीचा ठोकळा मधे घालून अँगल लावा. आणि तो लावा सगळ्यात शेवटी, टँक पूर्ण भरून दोन-चार दिवस गेल्यावर. भार आल्यावर रबर दबतं, सांधे बसतात आणि टेबल किंचित खाली जातं. आधीच भिंतीला आवळलं असेल तर मागची बाजू अँगलवर लटकून राहील, पुढची खाली बसेल आणि जो पीळ काढायला एवढं सगळं केलं तोच टँकमध्ये पडेल.